हरल्याचे हार

फुटबॉलची फायनल कोणी जिंकली, हे ती फायनल मैदानात बसून पाहिलेल्या माणसाला कळू नये असं सहसा होत नाही. माझ्या बाबतीत झालं. मी झोपलो नव्हतो, काही घेतलेलं नव्हतं, आणि चष्मासुद्धा नवाच होता.

दोष द्यायचाच असेल तर तो माझ्या जवाईपणाला द्यावा लागेल. लग्नाला तेव्हा जेमतेम काही महिने झाले होते. मी हिंगणघाटचा. तिथल्या एका जिनिंगमध्ये काट्यावर असतो, म्हणजे कापसाच्या गाड्या वजन करून आत सोडतो. सासर वर्ध्याला लागून, बोरगाव मेघेला. सासऱ्यांची भाजीची बाग. वांगी, पालक, सांभार (म्हणजे कोथिंबीर) आणि फुटबॉल, अशी त्या घराची पिकं. सासरे, म्हणजे मामाजी, तरुणपणी एका मिलमध्ये कामाला होते आणि मिलच्या टीममधून खेळायचे. मिल सुटली, भाजी सुरू झाली, पण फुटबॉल काही सुटला नाही. त्यांनी भाजीवाल्यांच्या पोरांची टीम उभी केली. जर्सीचा रंग स्वतः ठरवला: वांग्याचा. त्या टीमला सगळीकडे 'वांगेवाले' म्हणतात आणि मामाजींना त्याचा अभिमान आहे. टीमचा कॅप्टन त्यांचा मुलगा गजू, माझा साळा. त्या घरात कुठेही शिट्टी वाजली की माणसं जागच्या जागी थबकतात, मग ती कुकरची का असेना.

आणि अशा घराला मिळालेला जवाई मी. फुटबॉलबद्दल माझं ज्ञान एवढंच, की हात लावायचा नाही. मुलगी पाहायला गेलो तेव्हा मामाजींनी विचारलं होतं, "खेळता काय?" मी "हो जी" म्हणालो. (मी कॅरमबद्दल बोलत होतो.)

तर त्या हिवाळ्यात वांगेवाले पहिल्यांदाच जिल्ह्याच्या फायनलला पोचले. फायनल पुलगावला आणि समोर पुलगावचीच टीम. मामाजींचा फोन आला.

"जवाईबापू, सुट्टी काढा. तुमाले याच लागते."

"मी येऊन काय करू मामाजी? मले त्यातलं काही समजत नाई."

"समजाचं काय आहे? बसाचं अन् पाहाचं. वैशालीच्या जागेवर एक माणूस पायजे."

वैशाली म्हणजे माझी बायको. तिला फुटबॉलमधलं सगळं कळतं. पण ती मॅच पाहायला गेली की टीम हरते, असा माझ्या सासूबाईंचा, म्हणजे मामीजींचा, ठाम अनुभव होता. म्हणून तिला घरी बसवलं आणि तिच्या जागी ज्याला काहीच कळत नाही असा माणूस नेला. (घरातल्या शहाण्यांनी विचार करून घेतलेला निर्णय होता हा. नंतर तो कोणी घेतला हे कोणाला आठवेना.)

भाजीच्या टेम्पोतून आम्ही पुलगावला पोचलो. पोरं मागे भाजीच्या कॅरेटवर बसून गाणी म्हणत होती. मैदानावर ही गर्दी. आमची बोरगावची मंडळी दोरीच्या कडेला मातीतच बसली. मीही बसायला लागलो तर मामाजींनी माझा हात धरला.

"तुमी खाली? नाई नाई. जवाई मातीत बसन काय?"

आणि ते गेले कुठेतरी. थोड्या वेळानं हसत आले. आयोजकांपैकी कोणीतरी त्यांचा मिलमधला जुना सोबती निघाला होता. त्याला सांगून त्यांनी माझ्यासाठी एक खुर्ची मिळवली होती. प्लास्टिकची, हातवाली. फक्त ती होती मैदानाच्या पार दुसऱ्या अंगाला. मी म्हणालो, मी इथंच बरा आहे. पण मामाजी स्वतः मला हात धरून मैदानाला वळसा घालून घेऊन गेले, खुर्ची गमछानं पुसली, मला बसवलं आणि परत आपल्या माणसांत जाऊन मातीत बसले.

त्या बाजूला सगळं पुलगाव बसलेलं होतं, हे मला कोणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

माझ्या शेजारी मफलर गुंडाळलेले एक भारी अंगाचे गृहस्थ होते. स्वभावानं अत्यंत चांगले. त्यांनी मला आल्या आल्या शेंगदाणे दिले. ऊन सरळ माझ्या डोळ्यांत येत होतं, आणि खेळ सुरू झाल्यावर अशी धूळ उडायला लागली की वांग्याचा रंग कुठला आणि पुलगावचा डाळिंबी कुठला, काही समजेना. गजूला तेवढा मी चालीवरून ओळखत होतो. बाकी सगळी पोरं एकसारखीच मळलेली. मी शेजारी विचारलं,

"आपलं कसं चालू आहे जी?"

"एकदम मस्त चालू आहे आपलं," ते म्हणाले.

मला बरं वाटलं. थोड्या वेळानं एक गोल झाला. आमच्या अंगाची माणसं उठून नाचली.

"आपला काय?" मी विचारलं.

"मंग कोनाचा? आपलाच."

मीही उठून नाचलो. त्यांनी मला टाळी दिली. मग दुसरीकडे एक गोल झाला आणि आमच्या बाजूला सगळे गप्प झाले. पलीकडच्या बाजूला कोणी टोप्या उडवत होतं. त्यात मामाजींसारखा गमछा फिरवणारा एक म्हातारा दिसला. मला वाटलं, आहेत बाबा त्यांच्याकडेही मामाजींसारखी माणसं.

"बरोबरी झाली," शेजारचे हळहळले. "काई हरकत नाई. आपले पोट्टे पेनाल्टीत पक्के आहेत."

मराठीत 'आपण' हा शब्द किती धोक्याचा आहे, हे मला शाळेत शिकवायला हवं होतं.

शेवटी ती पेनाल्टी आली. दोन्हीकडची पोरं आळीपाळीनं येऊन बॉल मारत होती, दर वेळी अर्धं मैदान ओरडत होतं आणि अर्धं डोकं धरत होतं. मी मोजायचा प्रयत्न सोडून दिला. मग पाहिलं तर गजू बॉलकडे चालत येत होता. त्याची चाल मी कुठूनही ओळखीन. शेजारचे माझा दंड घट्ट धरून म्हणाले,

"हे एवढं झालं नं भाऊ, की जिंकलो आपण."

मी हात जोडले. आमच्या कुळाचे सगळे देव एकदम आठवले. गजू धावला, लाथ मारली, बॉल उन्हात कुठेतरी गेला, आणि मी माझ्या या दोन डोळ्यांनी पाहिलं: जाळी हालली. चांगली हालली.

"जिंकलो!" शेजारचे गरजले आणि त्यांनी मला मिठीच मारली.

आता सांगा, यात माझं काय चुकलं?

पुढचं सगळं मी आनंदाच्या भरात केलं. सगळी गर्दी मैदानात घुसली, तिच्यासोबत मीही घुसलो. कोणीतरी माझ्या डोक्यावर गुलाल ओतला. कोणीतरी तोंडात पेढा कोंबला आणि हातात आणखी दोन दिले. समोर गोलकीपर होता, गुलालात आणि धुळीत बुडालेला. चेहरा ओळखू येत नव्हता, पण आनंद ओळखू येत होता. मी त्याला कमरेत धरून उचललाच. (काट्यावर काम करणारा माणूस आहे मी, वजनाला घाबरत नाही.) तो वरून म्हणाला, "थँक्यू काका." मला 'काका' तेवढं खटकलं. बाकी काही खटकलं नाही.

खाली ठेवल्या ठेवल्या मी घरी फोन लावला.

"वैशाली, जिंकलो. गजूनं शेवटचा गोल मारला, त्यावर जिंकलो."

तिकडून एक किंकाळी आली. मग मामीजींचा आवाज, "काय म्हनते? काय म्हनते?" मग भांडं पडल्याचा आवाज. मग वैशाली धापा टाकत म्हणाली, "या तुमी लवकर. इकडचं मी पाहातो सारं." आणि फोन बंद.

मी टेम्पोपाशी आलो. तिथं अशी शांतता होती, की मला भरून आलं. इतक्या वर्षांचं स्वप्न पुरं झालेलं. माणसाला शब्द सुचत नाहीत. दोन पोरं चाकापाशी बसून रडत होती. आनंदाश्रू. गजू मागे कॅरेटवर डोक्यावर टॉवेल घेऊन बसला होता. मी चढून त्याच्या पाठीवर जोरात थाप मारली.

"वा गजू, काय मारला बे! आज जे झालं ते फक्त तुझ्यामुळं झालं."

गजूनं टॉवेल बाजूला केला, माझ्याकडे, माझ्या गुलालाकडे पाहिलं, आणि हमसून हमसून रडायला लागला. बाकीची पोरंही रडायला लागली. माझेही डोळे ओले झाले. मी त्यांना म्हणालो, "रडा रे बाबा. असा दिवस रोज येत नाई."

नव्या जवाईला कोण काय बोलणार?

मामाजी खाली उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर मी पूर्वी कधी पाहिलेलं नव्हतं असं काहीतरी होतं. मी त्यांच्या हातात पेढा ठेवला.

"घ्या मामाजी. तुमचा मान पयला."

त्यांनी पेढ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. जवाईच्या हातचं नाही म्हणायचं नाही, हा त्यांचा जन्माचा संस्कार. ते "बरं" म्हणाले आणि पेढा तळहातावर तसाच ठेवून पुढे ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसले. मी त्यांच्या शेजारी. टेम्पो निघाला. मागं कोणी गाणी म्हणेना. दमली असतील पोरं, मी म्हटलं. मामाजींच्या तळहातावर पेढा होता तसाच होता.

देवळीला चहासाठी थांबलो. टपरीवाला मामाजींच्या ओळखीचा. माझा गुलाल पाहून तो खूश झाला.

"मंग काकाजी? आनला का कप?"

"हरलो," मामाजी म्हणाले.

मी हसलो. मला ते फार आवडलं. नजर लागू नये म्हणून जुनी माणसं असंच बोलतात. आमची आजीसुद्धा भरलेल्या डब्याकडे पाहून 'काही नाही बाई' म्हणायची.

"मामाजी, तुमी बी मजाक करता."

मामाजींनी चहाचा ग्लास खाली ठेवला. अगदी हळू.

"जवाईबापू, फायनल हरल्यावर मी मजाक करत नाई."

"पण गजूनं गोल..."

"गजूनं बॉल वरून घातला."

"जाळी हालली नं जी. मी पाह्यलं."

"हालली. मांगच्या भिंतीले आदळून बॉल मांगूनच येऊन पडला जाळीवर. त्यानं हालली."

मी टपरीच्या बाकावर बसलो. एकेक गोष्ट उलटी होऊन माझ्यासमोर यायला लागली. मफलरवाले गृहस्थ. गमछा फिरवणारा तो म्हातारा, म्हणजे प्रत्यक्ष मामाजी. कमरेत धरून उचललेला तो गोलकीपर, म्हणजे ज्यांच्याशी आपण हरलो त्यांचा. आणि गजूच्या पाठीवर मारलेली थाप. आज जे झालं ते फक्त तुझ्यामुळं झालं. हे मी बोललो होतो. मोठ्यानं. सगळ्यांसमोर.

"मामाजी, मंग तुमी मले काऊन नाई सांगतलं?"

"मले वाटलं," मामाजी अवघडून म्हणाले, "पुलगावाकडं तुमचं काई जुनं नातंगोतं असन. आता जवाईले कसं इचाराचं?"

एवढ्यात मला घर आठवलं. मी टपरीच्या मागं जाऊन वैशालीला फोन लावला. तिनं उचलला, पण तिकडून ढोलांचा असा आवाज येत होता की मी फोन कानापासून लांब धरला.

"वैशाली, ऐक. हार झाली."

"काय?"

"हार, हार! आपली हार झाली."

"हो जी, हाराचं झालं," ती ओरडून म्हणाली. "झेंडूचे आनले. प्रत्येकाले एक. गजूसाठी गुलाबाचा सांगतला मोठा."

"तसा हार नाई. अवं, हरलो आपण."

"किती वाजेलोक येता म्हनता?"

"हरलो, हरलो!"

"हळूच या. घाई नका करू. बँडवाले थांबते म्हनतात. सरपंचबाई बी आल्या. माइक लावून राह्यले. बरं, मी ठेवतो, पोळ्या जळून राह्यल्या."

त्यानंतर मी पुन्हा पुन्हा फोन लावला. कोणी उचलला नाही. पुरणाच्या पोळ्या सुरू असताना आमच्या सासरी फोन उचलत नाहीत.

मामाजींना सांगायचं ठरवून मी टेम्पोत बसलो. "मामाजी, मी घरी फोन केलता," एवढं बोललो.

"बरं केलं," ते म्हणाले. "त्याहिले समजलं असन तं खिचडीच टाकतीन. आज कोनाच्या घशाखाली उतरनार आहे?" आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

मिटल्या डोळ्यांच्या माणसाला बँडची बातमी कशी द्यायची हे मला माहीत नव्हतं. म्हणून मी दुसरा मार्ग धरला. ड्रायव्हरला म्हटलं, लघवीला थांबव. मग थोडं पुढं गेल्यावर पुन्हा म्हटलं. मग एका चाकाचा आवाज येतोय म्हणून थांबवलं. ड्रायव्हरनं चारी चाकांना लाथा मारून पाहिल्या आणि माझ्याकडे संशयानं पाहिलं. माझा हिशोब असा, की उशीर झाला तर बँडवाले कंटाळून जातील. प्रत्यक्षात जितका उशीर झाला तितकी तिकडे आणखी माणसं जमली. पलीकडच्या मोहल्ल्यातलीही आली.

दिवेलागणीला टेम्पो आमच्या गल्लीत वळला, आणि बँड सुरू झाला.

मामाजींनी डोळे उघडले. समोर दोन्ही बाजूंना माणसं, मधोमध रांगोळी, वर लाइटच्या माळा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"कोनाची वरात आहे?"

मी दाराची कडी चाचपडायला लागलो.

मागं पोरांची अवस्था याहून अवघड. त्यांनी मान खाली घालून, मागच्या दारानं घरी जायचं ठरवलं होतं. त्यांना टेम्पोतून ओढून काढण्यात आलं, मामीजींनी ओवाळलं, गळ्यात हार पडले. पोरं एकमेकांकडे पाहू लागली. गजूच्या गळ्यात गुलाबाचा हार घालताना मामीजींनी त्याचं तोंड कुरवाळलं तेव्हा त्याचा बांध पुन्हा फुटला. लोक म्हणाले, "पाहा बरं, किती साधा पोट्टा आहे. जिंकून बी रडून राह्यला." आणि मागून आमचा गोलकीपर मला हळूच म्हणाला, "भाऊजी, आपले लोक किती मोठ्या मनाचे आहेत जी. हरल्यावर बी हार घालते."

मी म्हणालो, "हो."

कोणीतरी विचारलं, "कप कुठी आहे?" मी फोनवर असताना मिळालेला उपविजेत्यांचा कप मामाजींनी रागानं बारदान्यात गुंडाळून कॅरेटखाली ठेवला होता. कोणीतरी शोधून काढला आणि टेबलावर ठेवला. छोटासा होता. लोटीएवढा.

"एवढुसाच?" शेजारच्या काकू म्हणाल्या.

"आजकाल लहानच देतात," कोणीतरी त्यांची समजूत घातली. "चांदीचा असन."

मग सरपंचबाईंनी माइक हातात घेतला. बोरगावच्या मातीत कसे हिरे पिकतात इथपासून सुरुवात केली. पोरांच्या माना खाली खाली जात होत्या. सरपंचबाई म्हणाल्या, "आता ज्याहिनं हे रोपटं लावलं त्याहिनं दोन शब्द बोलावं," आणि माइक मामाजींच्या हातात दिला.

मामाजींनी माइक धरला. समोरची माणसं पाहिली. मला वाटलं, ते दोन गोड शब्द बोलतील, लोक पोळ्या खाऊन जातील, उद्याचं उद्या पाहू. पण आयुष्यभर वांगी विकलेला माणूस तो. खालची किडकी लपवून वर चांगली मांडणं त्यांना जमलं नाही कधी.

"पोट्टे हरले," ते म्हणाले. "चांगले खेळले, पण हरले. पेनाल्टीत."

बँडवाल्यांपैकी एकाची पिपाणी तेवढी थोडा वेळ वाजत राहिली. मग तीही थांबली.

वैशाली आरतीचं ताट घेऊन मामाजींच्या शेजारीच उभी होती. ती आपल्या परीनं हळूच बोलली, पण माइकनं ते अख्ख्या गल्लीला ऐकवलं.

"पन बाबा, यायनंच तं फोन केलता, जिंकलो म्हून."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. गुलालानं लाल झालेला मी टेम्पोला टेकून उभा होतो. कापसाच्या गाडीत दगड सापडला की गाडीवाल्याचा चेहरा कसा होतो ते मी रोज पाहतो. त्या दिवशी तो चेहरा आतून कसा असतो ते कळलं.

मामाजींनी घसा खाकरला.

"जवाईबापू खोटं नाई बोलले," ते माइकवर म्हणाले. "त्याहिची खुर्ची पुलगाववाल्याहिकडं होती. त्या खुर्चीवरून आपन जिंकलो होतो. अन् खुर्ची मीच नेऊन ठेवली होती. चूक माही आहे."

मग गजूकडून एक विचित्र आवाज आला. मला वाटलं पुन्हा रडतो आहे. पण तो हसत होता. टॉवेल तोंडात कोंबून हसत होता. "बाबा," तो कसाबसा म्हणाला, "यायनं... यायनं त्याहिच्या गोलकीपरले उचललं. मी पाह्यलं."

"नाचले बी," आमचा गोलकीपर म्हणाला.

"मले पेढा देल्ला," मामाजी म्हणाले, आणि त्यांच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. एवढं हसताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होतो. मग टीम हसली, मग गल्ली हसली. शेजारच्या काकू एवढ्या हसल्या की त्यांना बसवावं लागलं. सरपंचबाईंनी पदर तोंडाला लावला. बँडमास्तरनं विचारलं, "मंग वाजवाचं का नाई जी?" मामाजी म्हणाले, "आता आलाच आहात तं वाजवा."

पोळ्या सगळ्यांच्या घशाखाली उतरल्या. चांगल्या उतरल्या. गजू माझ्या शेजारी जेवायला बसला. मग तुपाची वाटी माझ्याकडे सरकवत म्हणाला,

"भाऊजी, खरंच वाटलं तुमाले, का गोल झाला म्हून?"

"खरंच वाटलं."

"मले बी मारल्यावर वाटलंच होतं. एक सेकंद." तो ताटाकडे पाहत होता. "तेवढ्यात जे वाटलं नं जी, ते अख्ख्या गावात तुमाले अन् मलेच माहीत आहे."

मी त्याच्या ताटात पोळी वाढली. एवढ्या दिवसांत आम्ही दोघं पहिल्यांदाच नीट बोललो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हिंगणघाटला निघायच्या तयारीत होतो. म्हटलं, आता काही दिवस सासरी तोंड दाखवायचं नाही. तेवढ्यात मामाजी बाजारात भाजी टाकून परत आले. त्यांच्या काखेत पेपर होता. त्यांनी तो माझ्यासमोर पसरला. आतल्या पानावर फायनलचा फोटो होता, चांगला मोठा. त्यात आमच्या टीममधलं कोणीही नव्हतं. मधोमध मी होतो, डोळे मिटलेले, तोंड उघडं, आणि माझ्या खांद्याच्या वर पुलगावचा गोलकीपर. खाली छापलं होतं: विजयी संघाचा जल्लोष.

मी म्हणालो, "मामाजी, हा पेपर जाळून टाका."

"जाळू काऊन?" ते म्हणाले.

त्यांनी तो फोटो नीट कापला, वर्ध्याला नेऊन फ्रेम केला आणि बैठकीत लावला. तिथं आधीच त्यांच्या मिलच्या टीमचा एक फोटो होता, गजूच्या टीमचे तीनचार होते, सगळे हरलेल्या मॅचचे. आता घरी कोणी नवा पाहुणा आला की मामाजी त्याला एकेका फोटोपुढं उभं करतात. स्वतःचा दाखवतात, गजूचा दाखवतात, आणि शेवटी माझ्यापाशी येऊन थांबतात.

"हे आमचे जवाई," ते म्हणतात. "आमच्या अख्ख्या खानदानात फायनल जिंकलेला हा एकच माणूस आहे. अन् याहिले ऑफसाइड समजत नाई."